काचपेटीखालचं खाजण

ये, अशी जवळ ये. कागदावर का होईना, पण ये. दर महिन्याला फोन करतेस, कामावर निघता निघता, एका हातानं चप्पल सरकवत विचारतेस, "आत्या, बरी हायस ना? काय लागलं तर सांग हां." आणि मी "हो" म्हणायच्या आत ठेवून देतेस. ही काय बोलायची रीत झाली गो? काय लागलं तर सांग! मी काय वाण्याच्या फळीसमोर यादी घेऊन उभी आहे? बापाची मुलगी शोभतेस खरी, पण त्याला जे एकदा कळलं ते तुला अजून कळायचं आहे. तेच सांगायला बसले आहे. मध्ये उठायचं नाही. चहा नंतर मिळेल.

मागच्या फोनला तू विचारलंस, "ती काचपेटी हाय का अजून?" आहे. वरची आहे, आणि खालचं खाजण पण आहे. तुला ते आठवत असेल, नसेल. लहानपणी आलीस तेव्हा तू वरच्या पेटीत हात घालून शंखातला खेकडा उचलला होतास आणि तो चावल्यावर शेजारणीपर्यंत ऐकू जाईल असं रडली होतीस. पण शहापूरहून मुरबाडकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या या आमच्या गावात, जिथं चारी बाजूंना डोंगर नि भातखाचरं, तिथं समुद्र आला कसा, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. तुझ्या बापानं तर नाहीच. तो स्वतःचं काही सांगायचा नाही.

मी लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिली काही वर्षं मला कळायचंच नाही की कमी काय आहे. माणसं चांगली होती. सासूनं मला कधी टोचून बोललेलं आठवत नाही. तांदूळ घरचा, वाल घरचे, मोहाच्या झाडाखाली सावली इतकी की उन्हाळ्यात तिथंच निवडणं-टिपणं चालायचं. तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं. मग एकदा भात लावताना ओठांवरून जीभ फिरवली आणि कळलं. ओठांना चव नव्हती. तिकडं समुद्राकाठी, आपल्या गावात, अंगणात नुसतं उभं राहिलं तरी ओठ खारट होतात, केस चिकट होतात, दोरीवरचं लुगडं वाळता वाळत नाही. आणि तिथं असताना मी त्यालाच शिव्या द्यायची! इथला वारा कोरडा, गोडा. चांगला वारा होता, पण माझा नव्हता.

हे मी कुणाला बोलले नाही. काय बोलणार? "वारा आळणी आहे" म्हणून कुणी माहेरी जातं?

आमचे हे मुरबाडच्या एका शाळेत प्रयोगशाळेत कामाला होते. बाटल्या धुवायच्या, नळ्या जपायच्या, मुलांनी फोडलेलं उचलायचं. नव्वदनंतरची पाच-सहा वर्षं गेली असतील, तेव्हा शाळेनं जुनं सामान काढलं. त्यात ही मोठी काचपेटी होती, एका कोपऱ्याला तडा गेलेली. यांनी ती गोधडीत गुंडाळून जीपनं घरी आणली. सगळ्या रस्ताभर मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "लाल मासे ठेवू. छान दिसतात."

दिवाळी होती. भाऊबिजेला दादा, म्हणजे तुझा बाप, आलेला होता. मी पाटावर बसलेल्या त्याला ओवाळता ओवाळता यांना म्हटलं, "पाणी घालणारच असाल तर खारं तरी घाला." हसत म्हटलं होतं. हेही हसले. दादा हसला नाही. त्यानं नुसती पेटीकडं एकदा मान वळवून पाहिली, ताटातली करंजी उचलली आणि खाल्ली.

पुढच्या महिन्यात तो दारात उभा. दोन्ही हातांत दहा-दहा लिटरचे कॅन, खांद्याला ओली पिशवी.

"काय रे दादा हे?"

"पाणी."

"कसलं पाणी?"

"तुला खारं पायजे होतं ना? मंग!"

पालघरवरून वाडा, वाड्यावरून शहापूर, तिथून जीप. असा तो तीन गाड्या बदलून आला होता. वाड्याच्या एसटीत कंडक्टरनं त्याला उतरवायलाच काढला होता. कॅन बघून म्हणे, "दारू नेतोस काय रे म्हाताऱ्या?" तेव्हा दादाचे केस तरी कुठं पांढरे होते! दादानं झाकण उघडलं. "घ्या, चव घ्या, साहेब." कंडक्टरनं बोट बुडवून चाटलं आणि थुंकला. सगळी गाडी हसली. "समुद्र हाय तो," दादा म्हणाला. "बहिणीला नेतोय." त्यानंतर तो कंडक्टर दिसला की स्वतःच कॅन सीटखाली सरकवायचा आणि विचारायचा, "समुद्राचं अर्धं तिकीट फाडू का?"

ओल्या पिशवीत दगड होते. आपल्या किनाऱ्यावरच्या खडपावरचे, शेवाळ आणि कालवं चिकटलेले. एका बाटलीत पट्ट्यापट्ट्यांचे तीन छोटे मासे, ओहोटीला डबक्यात राहिलेले. दोन शंखातले खेकडे. काचपेटी भरायला पाच फेऱ्या झाल्या. तोवर ते मासे माझ्या मोठ्या स्टीलच्या घमेल्यात राहिले, आणि ते रिकामं झाल्यावरही सासूनं तीन महिने त्यात पीठ मळू दिलं नाही.

पेटी भरली, पण समुद्र पेटीत राहत नाही बघ. तीन आठवडे झाले की पाणी पिवळट व्हायचं, काचेवर हिरवा थर धरायचा, मासे वर येऊन तोंड उघडायचे. मग थोडं जुनं काढून नवं घालायला लागायचं. म्हणून दादा दर महिन्याला यायचा. अमावस्येचं उधाण आलं की पाणी वरपर्यंत चढतं, स्वच्छ असतं. तेव्हा खडपावर उभा राहून तो कॅन भरायचा आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडं. मी इथं डोंगरात बसून कॅलेंडरवरचा काळा गोळा बघायची. शेजारीण म्हणायची, "अवसेला कुणी घरातनं पाय काढत नाय, आणि तुझा भाऊ बरा निघतो!" मी म्हणायची, "तो भरतीच्या मागं येतो." तिला ते कळायचं नाही. तिला कशाला कळावं? मला कळत होतं ना. मी वालाचं बिरडं करायची, तांदळाची भाकरी करायची, आणि दादा जेवताना आपल्या गावातलं एकेक सांगायचा. कुणाची विहीर खारी झाली, कुणाच्या चिकूला कीड लागली, तुझा दुधाचा शेवटचा दात पडला. तुझा तो दात मला अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी कळला, माहीत आहे?

अशी चार-पाच वर्षं गेली. मग एका उधाणाला कॅन भरताना दादा खडपावर घसरला. गुडघा गेला. हाड मोडलं नाही, पण पाय पहिल्यासारखा टेकेना. तरी पुढच्या महिन्यात आलाच. जीपमधून उतरताना त्यानं आधी कॅन खाली ठेवले, मग पाय दोन्ही हातांनी उचलून खाली घेतला. हे दारात उभे राहून बघत होते.  त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलं.

कल्याणला रद्दीच्या दुकानात त्यांना एक परदेशी मासिक मिळालं, रंगीत चित्रांचं. त्यात एका चित्रात दोन पेट्या होत्या, एक वर आणि एक खाली, मध्ये नळ्या. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून त्यांनी ते वाचून घेतलं.

"रेफ्युजियम," हे म्हणाले. जेवताना तीनदा म्हणाले, विसरू नये म्हणून.

"म्हंजे काय?"

"आसरा, असं सर म्हणाले. वरच्या पेटीतलं पाणी खाली येतं. खाली चिखल, शेवाळ, बारीक बारीक जीव. मोठे मासे तिथं पोचत नाहीत, म्हणून ते जीव वाढतात. शेवाळ पाण्यातली घाण खातं. आणि निवळ झालेलं पाणी मोटरनं परत वर."

"एवढंच ना? मंग खाजण म्हणा की!"

तुला खाजण माहीत आहे. आपल्या वाडीच्या मागं, खाडीच्या कडेला, जिथं भरतीला पाणी शिरतं आणि तिवरं उभी असतात. लहानपणी मी आणि दादा तिथंच असायचो. माशांची पिल्लं तिवरांच्या मुळांत लपतात, मोठ्या माशाला आत शिरता येत नाही. भरतीचं गढूळ पाणी तिथं येऊन शांत होतं. मासिकवाल्यांनी पानभर लिहिलं होतं ते आम्ही घोट्याएवढ्या चिखलात उभं राहून शिकलो होतो.

हे खूश झाले. हात पुसत म्हणाले, "बघ, मग महिन्याला पाणी बदलायची गरजच नाही. वर्षातून दोन-तीनदा केलं तरी भागेल. दादाचे हेलपाटे वाचतील."

मी म्हटलं, "बरं होईल बाई." आणि उठून भाकरी आणायला चुलीपाशी गेले. टोपलीत भाकरी नव्हती, मला ते माहीत होतं. तरी थोडा वेळ तिथं तशीच उभी राहिले. दादाचा गुडघा मलाही दिसत होता गो. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

शहापूरहून काच कापून आणली. हे आठ दिवस शाळेतून आल्यावर तेच करत बसायचे. काचेच्या कडेला सिलिकॉनची बारीक रेघ ओढायची, बोट ओलं करून ती दाबायची. घरभर लोणच्यातल्या शिरक्यासारखा आंबट वास. दोन दिवस सुकू दिलं, पाणी भरलं, कोपऱ्यातून ठिबकलं. परत खरवडलं, परत लावलं. आत दोन आडव्या काचा लावून तीन खण केले. पहिल्यात वरून पाणी पडणार, मधला मोठा खण चिखलाचा आणि शेवाळाचा, शेवटचा मोटरचा. मधल्या खणावर छोटी ट्यूब. ती संध्याकाळी लावायची, वरची विझवली की. दिवस वर मावळला की खाली उगवायचा, असं काहीतरी. ते मला फार आवडलं होतं.

आणि चिखल कुणी आणला? दादानंच. ओल्या गोणपाटात बांधून. यांनी गोणपाट उघडलं तसं दादा सांगायला लागला, "काळा नाय घेतला. काळ्याला नासक्या अंड्याचा वास येतो. वरवरचा भुरा घेतलाय, किड्यांची भोकं हायत बघा त्यात, जिता चिखल हाय." हिरवं पानासारखं शेवाळ, लाल दोऱ्यासारखं शेवाळ, आणि चिखलात रोवायला तिवराच्या चार बिया, कोंब फुटलेल्या. सगळं मांडून झाल्यावर तो मागं सरकला, पाय लांब केला आणि यांना म्हणाला, "हे नीट चाललं तर मंग माझी सुट्टी! कामावरनं काढताय होय मला?"

"काढत नाही, पेन्शन देतोय," हे म्हणाले.

दोघं हसले. मीही हसले. जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते ऐक. यांनी सकाळी मोटर चालू केली, पाणी फिरायला लागलं, सगळं बघितलं आणि मुरबाडची एसटी पकडली. दादा राहिला होता. एका कॅनमध्ये अजून अर्धं पाणी शिल्लक होतं, आणि खालच्या पेटीत वर चार बोटं जागा रिकामी.

आता आमच्या गावाचं तुला माहीत आहे. जवळच तानसाचं धरण, ते पाणी जातं मुंबईला, आणि एप्रिल लागला की आमच्याकडं टँकर. टँकर आला की घरात ज्याला म्हणून पोट आहे ते सगळं काठोकाठ भरायचं. हंडा, कळशी, परात, भात मोजायची पायली. अपुरं भरलेलं भांडं दिसलं की इथल्या बाईचा हात आपोआप पाण्याकडं जातो. वीस-पंचवीस वर्षांत तो हात माझाही झाला होता. त्यात हे पाणी माहेरचं, तीन गाड्या बदलून आलेलं. ते कॅनमध्ये कोंडून ठेवायचं? मी ओतलं. थेंब सुद्धा मावणार नाही असं, अगदी काठाला टेकवून भरलं. लांबून बघून बरं वाटलं.

बाराच्या सुमाराला लाइट गेली. ते लोडशेडिंगचे दिवस. मोटर थांबली. आणि वरच्या पेटीतलं पाणी, नळीच्या तोंडापर्यंत जेवढं होतं तेवढं, सगळं शांतपणे खाली उतरायला लागलं. खाली जागा कुठं होती? मी तर ठेवलीच नव्हती.

मी पडवीत तांदूळ पाखडत होते. आतून दादाचा आवाज आला, "भरती आली काय गो?"

तो त्याच खोलीत चटईवर आडवा झाला होता. पाठ ओली झाली म्हणून जागा झाला. सारवलेली जमीन, त्यावर समुद्र पसरत चाललेला, आणि त्यात दादा बसलेला. उशी हातात धरलेली. मी लुगड्याचा बोळा केला, पोतं आणलं, पिळून पिळून पाणी काढायला लागले. आणि मग त्याच्याकडं बघितलं आणि मला हसू फुटलं. तो पण हसायला लागला. पन्नाशीला आलेली आम्ही दोघं, ओल्या शेणाच्या चिखलात बसून, लहानपणी खाजणात हसायचो तसं. सासू दारात येऊन बघून गेली. जाताना कपाळावर हात मारला.

हे संध्याकाळी आले. रागावले नाहीत. त्यांनी लाल ऑइलपेंटचा डबा काढला, काठापासून चार बोटं मोजली आणि काचेवर बाहेरून एक रेघ ओढली. म्हणाले, "ह्याच्या वरची जागा परत येणाऱ्या पाण्याची. ती रिकामी दिसली तरी रिकामी नाही. तिथं काही ओतायचं नाही."

ती रेघ अजून आहे. आणि जमिनीवरची ती जागा पण आहे. मीठ मातीत मुरलं ते मुरलं. हवा दमट झाली की तिथं एक काळपट ओला डाग उमटतो, चटईएवढा.

खाजण चाललं. फार चांगलं चाललं. शेवाळ वाढलं, चिखलात धुळीच्या कणाएवढे जीव फिरायला लागले, ट्यूब लावली की काचेजवळ उड्या मारायचे. चारातलं एक तिवर जगलं, त्याला दोन पानं आली. वरचं पाणी इतकं निवळ की मासे हवेत पोहतायत असं वाटावं. कमी झालेलं पाणी मी भरून काढायची, उकळून गार केलेल्या गोड्या पाण्यानं, आणि जिभेवर थेंब ठेवून चव बघायची. यांच्याकडं खारेपणा मोजायला पाण्यात तरंगणारी काचेची नळी होती. माझी जीभ तिच्याबरोबर चालायची.

पहिली अमावस्या गेली. दुकानाच्या फोनवर निरोप आला, "पाणी बरं असलं तर या महिन्यात येत नाय." पाणी बरं होतं. दुसरी गेली. तिसऱ्या वेळी तरीही मी बिरडं केलं. संध्याकाळपर्यंत जीपचे आवाज ऐकत बसले. मग आम्ही घरच्यांनीच खाल्लं. हे म्हणाले, "आज एकदम बिरडं?" मी म्हटलं, "वाल निवडलेले होते."

मग भाऊबिजेला एकदा आणि मे महिन्यात एकदा, एवढंच राहिलं. त्याचा गुडघा, त्याची वाडी, सगळं खरं होतं. मी कुणाला दोष देऊ? यांना? त्यांनी तर माझ्या भावासाठीच केलं होतं. त्या खाजणाला? ते तर इतकं गुणाचं चाललं होतं. कधीकधी मी त्याच्यासमोर बसून मनात म्हणायची, जरा कमी गुणाचं झालं असतंस तर काय बिघडलं असतं.

दोन वर्षं अशी गेल्यावर एका सकाळी मी उठले, दुकानात गेले, तो पिवळा पैसे टाकायचा फोन उचलला आणि तुमच्या शेजारच्या वाण्याला लावला. दादाला बोलवायला लावलं. तो लंगडत येईपर्यंत दोन वेळा परत फोन केला. शेवटी त्याचा आवाज आला.

"काय गो? सगळं बरं ना?"

"दादा, पाणी बिघडलंय."

"बिघडलं? कसं?"

"काय माहीत. मासे वर येतायत."

हे मी बोलले. माझ्या तोंडानं. दुकानात दोन बायका तूरडाळ घेत उभ्या होत्या, त्यांच्यासमोर.

त्यानं उधाणाची वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी आला. एका हातात काठी, म्हणून दोन्ही कॅन दोरीनं बांधून खांद्यावर, एक पुढं आणि एक मागं. घामानं भिजलेला. हे शाळेत होते. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. तसाच जाऊन काचपेटीसमोर बसला.

मासे खाली दगडांत फिरत होते. पाणी काचेसारखं. त्यानं वरच्या पेटीत बोट बुडवलं, चाटलं. वाकून खाली खाजणात बघितलं. लाल रेघेपर्यंत पाणी, वर चार बोटं मोकळं. मग माझ्याकडं बघितलं. मी पदराचं टोक पिळत उभी, चौथीतल्या पोरीसारखी.

मला वाटलं, आता हा बोलेल. एवढं ओझं, एवढा पाय, आणि ही थापा मारते! बोलायला पाहिजेच होतं त्यानं.

तो म्हणाला, "हां. बिघडलंय खरं."

त्यानं बाह्या वर सरकवल्या.

"जुनं काढायला लागेल. बादली आण."

मी बादली आणली. आम्ही दोघांनी मिळून वीस लिटर चांगलं, निवळ पाणी नळीनं काढलं आणि त्याच्या कॅनमधलं वीस लिटर चांगलं, निवळ पाणी आत घातलं. दादा रेघेकडं डोळा ठेवून होता. रेघेशी पाणी टेकलं तसा थांबला. काढलेलं पाणी तुळशीला तर घालता येत नाही, मरेल. मागच्या अंगणात दगडांवर ओतलं. चार दिवस त्या दगडांवर पांढरं मीठ दिसत होतं.

मग तो जेवला. बिरडं नव्हतं, नुसतं पिठलं होतं. ताटात हात धुता धुता, वर न बघता म्हणाला, "पुढल्या टायमाला पाण्याला नाव ठेवू नको. नुसतं ये म्हण."

"तू आला असतास नुसता?"

"मला वाटायचं, पाणी बरं हाय म्हंजे बाय बरी हाय. काम नाय तर कशाला जावा, तिच्या घरात खोळंबा."

बघ हं, मला वाटत होतं त्याला येणं झेपत नाही. त्याला वाटत होतं मला त्याचं काम उरलं नाही. आणि मध्ये ती काचपेटी निवळ पाण्यानं चमकत होती.

संध्याकाळी हे आले. दारातले कॅन बघितले, पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दादाला एवढंच विचारलं, "मुक्काम आहे ना?"

त्यानंतर तो नुसता यायला लागला. काठी आणि एक पिशवी. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "आज समुद्र कुठाय?" तर हा म्हणाला, "तिच्याकडंच हाय. बघायला चाललोय." असा तो नुसता किती वेळा आला ते मला पक्कं आठवतं. चार वेळा. चौथ्या वेळी खाजणासमोर बसून त्यानं तिवराच्या पानाची मागची बाजू बोटानं पुसली. तिवर जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं, पांढरं चूर्ण येतं. ते चाटून म्हणाला, "ह्याला तर घर सुटलं तरी सवय नाय सुटली." पाचव्या वेळी येणार होता, तेव्हा तुमच्याकडून फोन आला.

बाकीचं तुला माहीत आहे. तू तेव्हा मोठी झाली होतीस. मी तेरा दिवस आपल्या घरी राहिले. ओठ खारट होत होते आणि ते मला नको वाटत होतं. निघताना तू मागच्या दारानं आलीस. हातात दादाचा कॅन, धुतलेला. विचारलंस, "आत्या, पाणी नेतेस? मी भरून आणते. मी पोचवीन पण दर महिन्याला, बाबांसारखं."

आणि मी काय म्हटलं? "नको गो. पाणी चांगलं हाय."

तुझा चेहरा पडला. मी बघितला. मला वाटलं, कोवळी पोर, नोकरी शोधतेय, तिच्या खांद्यावर कॅन कशाला? मी तुझ्या भल्याचं बोलले. यांनी दादाच्या भल्याचं केलं होतं, अगदी तसंच. गाडीत बसले, वाडा गेला, शहापूर आलं, तोवर माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून आले. पण गाडीतून उतरून मागं कशी येणार?

त्याला वर्षं झाली. तू बोईसरला नोकरीला लागलीस, फोन घेतलास, आणि दर महिन्याला न चुकता विचारतेस काय लागलं तर सांग. आणि मी दर महिन्याला खरं तेच सांगते, काही लागत नाही. मग तू कशाला येशील? तुझंही चुकलं नाही. आम्हीच तुला असं शिकवलं.

दोनदा फोन हातात धरून मनात आलं, म्हणावं "पाणी बिघडलंय." तू आली असतीस, मला माहीत आहे. पण ते एकदा करून झालं. त्याचं उत्तरही मला मिळालेलं आहे.

म्हणून हे सगळं लिहिलं, की तुला शेवटचं वाक्य नीट कळावं. वरच्या पेटीत आता एकच मासा आहे, म्हातारा, पट्टे फिके झालेला. यांनी परवाच काठाला नवं सिलिकॉन लावलं, घर आंबट वासानं भरलंय. तिवर खिडकीच्या गजांपर्यंत गेलं आहे आणि शेजारीण अजून विचारते, हे फुलतं कवा. लाल रेघेशी पाणी आहे, वर चार बोटं मी मोकळी ठेवली आहेत. लाइट जाते तेव्हा पाणी खाली येतं, तिथं मावतं आणि लाइट आली की वर जातं.

पाणी चांगलं आहे. मी बरी आहे. हेही बरे आहेत. मला काही लागत नाही. कॅन आणू नकोस, मिठाई आणू नकोस, कामाच्या पिशवीसकट तशीच वाड्याच्या गाडीत बस. वाल मी आजच भिजत घातलेले नाहीत, तुझं यायचं ठरलं की घालीन, मोड यायला वेळ लागतो म्हणून दोन दिवस आधी कळव एवढंच. अवसेची वाट बघू नकोस. त्याच्या आधी ये.